वर राहिलेला घण

या, असे जवळ सरका, आणि मध्ये बोलायचं नाही. गोष्ट सांगतो म्हटलं म्हणजे सांगतोच, पण राजाराणीची नाही, आणि शेवटी सगळं गोड होईल असंही समजू नका. एका माणसाच्या रागाची गोष्ट आहे. राग म्हणजे दुधासारखा उतू जाऊन संपणारा नव्हे. भट्टीतून काढलेलं लोखंड बाजूला ठेवलं की वरून काळं पडतं, नवखा माणूस फसतो, हात लावतो आणि तळहाताचं कातडं तिथंच ठेवून येतो, तसला. आणि गंमत बघा, असा राग ज्याच्या पोटात, त्याला सगळी दुनिया हळूभाऊ म्हणायची. नाव कामावरून पडलेलं. घणशेडमध्ये मोठा घण होता, दोन मजली घराएवढा, वाफेवर चालणारा. दोन पायांवर उभा, आणि त्या पायांच्या मधून त्याचं डोकं वरखाली करायचं. डोकं म्हणजे लोखंडाचा ठोकळा हो, चार म्हशी एकत्र बांधल्या तरी कमी भरतील असा. खाली ऐरण. ऐरणीवर लाल लोखंड धरायचं आणि वरून डोकं आदळायचं. ते डोकं वरखाली करणारा दांडा हळूभाऊच्या हातात. तो ते डोकं इतकं हळू आणायचा, की ऐरणीवर अर्धवट उघडी काडेपेटी ठेवा, घण खाली येईल, पेटी मिटेल, आतली एक काडी मोडणार नाही. नवीन साहेब आला की त्याला हे दाखवायचे. साहेब टाळ्या वाजवायचा आणि कामाचा वेग वाढवून जायचा.

तो कारखाना बंद पडून किती पावसाळे गेले. आधी गेटवर कुलूप, मग कुलपाला गंज, मग आत माणूसभर गवत आणि गवतात कुत्री. लोक भिंतीवरून बघायचे आणि म्हणायचे, इथं काहीतरी होणार. आणि झालं. पत्रे उतरले, शेड गेल्या, जमीन खोदून काळी माती ट्रकनं कुठंतरी नेऊन टाकली, आणि तिथं इमारती उभ्या राहिल्या, गोऱ्यागोमट्या, काचेच्या. बिल्डरला कुणीतरी सांगितलं असणार की जुन्याची आठवण ठेवली की नव्याला भाव येतो. म्हणून इमारतींची नावं ठेवली अग्नी, पोलाद आणि ठिणगी. हळूभाऊची लेक आणि जावई राहायला गेले ते ठिणगीत, सातव्या मजल्यावर. "ठिणगीत राहते म्हणे," हळूभाऊ बायकोला म्हणाला होता, "ठिणगीनं माझे सगळे सदरे भोकं पडून गेले, तेव्हा कुणी नाव ठेवलं नाही तिचं." तेव्हा तो हसला होता. तेव्हा त्यानं अजून आत पाऊल टाकलं नव्हतं.

मग एका दुपारी गेला. एकटाच, कारण बायकोचे गुडघे. ते दोघं राहायचे चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि एकदा खाली उतरलं की वर कसं चढायचं ह्या धास्तीनं ती बाई उतरायचीच नाही. खिडकीतून भाजीवाल्याशी भांडायची, खिडकीतूनच दोरीला पिशवी बांधून सोडायची. लेकीनं नवं घर घेतलं ते एक खोली जास्तीची ठेवून. आईबाबांसाठी. ती खोली दाखवायला तिनं बोलावलं होतं. हळूभाऊ गेला, लिफ्टमध्ये आरशात स्वतःला बघून कॉलर सारखी केली, लेकीनं दार उघडलं, पाणी दिलं, आणि पाण्याचा पेला ओठाला लावताना समोरच्या भिंतीवर त्याला तो फोटो दिसला. नातीचा. चौकटीत बसवलेला. नात गवतात गुडघ्यांवर बसलीय, मान वाकवून डोकं एका ठोकळ्यावर टेकवलंय, डोळे मिटलेत, जीभ बाहेर काढलीय, मेल्याचं सोंग. तिच्या डोक्याच्या वर पोपटी रंगाचं काहीतरी भलंमोठं लटकतंय. "मस्त आलाय ना?" लेक म्हणाली. "खाली बागेत आहे. सगळे काढतात तिथं तसा फोटो. बाबा, तुमचाच घण आहे तो. गच्चीतून दिसतो, या दाखवते." पेला त्यानं तसाच खाली ठेवला.

गच्चीतून त्यानं खाली बघितलं. सगळी उमर त्यानं तो घण खालून बघितला होता, मान वर करून, पापण्यांवर घाम झेलत. वरून कधीच नाही. वरून तो लहान दिसत होता, खेळण्यासारखा, आणि पोपटी. पोपटी! त्याला आठवला तो काळा, तेलकट, अंगावर हात फिरवला की ऊब देणारा, थंडीत पहिल्या पाळीची माणसं ज्याला पाठ टेकून उभी राहायची तो. आता त्याच्याभोवती गोल बाक, बाकांभोवती फुलझाडं, आणि मधोमध ऐरण, तिच्यावर कुणीतरी गुळगुळीत फरशी बसवलेली. हे सगळं एक वेळ चाललं असतं. रंगाचं काय, मेलेल्या माणसालाही लोक नवीन कपडे घालतात. पण डोकं वर होतं. घणाचं डोकं वर ठेवलेलं होतं, पार वर, जिथून ते खाली सुटतं तिथं, आणि खाली दोन पोरं आणि एक पोरगी आळीपाळीनं मान घालून फोटो काढत होती आणि खिदळत होती, आणि त्या खिदळण्याचा आवाज सातव्या मजल्यापर्यंत अगदी स्वच्छ येत होता. हळूभाऊचा उजवा हात आपोआप मिटला. हवेत. जिथं दांडा असायचा तिथं. आणि त्या हातानं हळूच, अगदी हळूच खाली ओढलं. काहीच खाली आलं नाही. "बाबा? काय झालं?" लेकीनं विचारलं. "चहा राहू दे," तो म्हणाला. लेकीनं चहाचं नावही काढलं नव्हतं.

घरी तो चालत आला. रस्ता लांब होता पण त्याला चालणं हवं होतं, तळपायातली आग कुठंतरी झिजायला हवी होती. ती झिजली नाही. ती चढली, पोटऱ्यांतून, मांड्यांतून, आणि मस्तकात जाऊन बसली, आणि तिथं बसून एकच गोष्ट दाखवायला लागली. सांडश्या. सांडश्या म्हणजे त्याचा जोडीदार. एकानं दांडा ओढायचा आणि दुसऱ्यानं सांडशीत लाल लोखंड पकडून ऐरणीवर फिरवायचं, अशी जोडी असायची, आणि ती नवराबायकोपेक्षा घट्ट असायची, कारण नवराबायकोत एकाची चूक झाली तर दुसऱ्याचं बोट जात नाही. शेडमध्ये आवाज एवढा की बोलणं नाहीच. भुवईवर काम चालायचं. सांडश्यानं भुवई उचलली की जोरात, हनुवटी हलवली की हळू, डोळा मिटला की थांब. काम नसताना तो उगाच डोळा मारायचा आणि हळूभाऊ थांबायचा आणि फोरमन शिव्या घालायचा. बडबड्या, उधळ्या, दुसऱ्याच्या डब्यात हात घालणारा माणूस. "तुझ्या बायकोच्या हाताला चव आहे, माझीच्या हाताला शिस्त आहे," म्हणायचा, आणि अर्धा डबा फस्त.

त्यांच्या वेळी एक नवा साहेब आला. त्याचं म्हणणं असं, की जेवणाच्या सुट्टीत घणाचं डोकं खाली घेता, सुट्टी संपली की वाफ भरून परत वर चढवता, ह्यात वेळ जातो. वरच राहू दे. वाफ कोंडून ठेवा. हळूभाऊ म्हणाला होता, "साहेब, खाली घेतो, बरं असतं." साहेब म्हणाला, "तुमच्या बरं असण्यानं वेळ जातो." बस. आणि हळूभाऊ डबा घेऊन बाहेर गेला, झाडाखाली बसला, झाकण उघडलं आणि सांडश्याची वाट बघायला लागला. सांडश्या आत राहिला होता. ऐरणीवर लोखंडाचे जळके पापुद्रे साठतात, ते झाडून काढायचे असतात, नाहीतर पुढचा माल डागी निघतो. झाडायचं काम सुट्टीतच करायचं, कारण कामाच्या वेळात केलं तर पुन्हा वेळ जातो. तो वाकला असणार. झडपेतून वाफ निसटली असणार. बाहेर झाडाखाली आवाज आला तो एकच, रोजचाच, कुणी दचकलंसुद्धा नाही. हळूभाऊ तेवढा दचकला. कारण सुट्टीत घणाचा आवाज यायला नको होता.

आणि मग ते घडलं, जे त्या कारखान्यात आधी कधी घडलं नव्हतं आणि पुढेही घडलं नाही. माणसं बसली. कुणी घोषणा दिल्या नाहीत, कुणी दगड मारला नाही. घणशेडमधली, भट्टीवरची, कोळसा ओढणारी, सगळी आपापल्या जागी खाली बसली आणि उठेनात. किती दिवस बसली ते बसलेल्यांनाही नंतर सांगता येत नव्हतं. भट्ट्या निवल्या. बायका गेटवरून भाकऱ्या आत टाकायच्या. शेवटी साहेब वाकला. नियम झाला: सुट्टी असो की पाळीचा शेवट, घण सोडून जायचं तर डोकं खाली, आणि तेही ऐरणीवर नाही, मध्ये लाकडाचा ओंडका घालून, त्यावर निजवल्यासारखं. डोकं वर ठेवून कुणी घरी जायचं नाही. बाकी त्या माणसांनी आयुष्यात काही जिंकलं नाही हो. पगार रडून वाढले, कारखाना न विचारता बंद पडला. हा एक नियम तेवढा त्यांचा. रोज संध्याकाळी हळूभाऊ ते डोकं ओंडक्यावर आणायचा, काडेपेटीवर आणतात तसं, आणि शेडमधली माणसं ते टेकेपर्यंत उभी राहायची. कुणी सांगितलं नव्हतं उभं राहायला. आणि आता बघा. आता बिल्डरच्या माणसानं ते उचलून पुन्हा वर नेलं होतं, पक्कं केलं होतं, पोपटी केलं होतं, आणि हळूभाऊची स्वतःची नात त्याखाली मान घालून जीभ काढत होती.

"मी तिथं राहणार नाही," त्यानं बायकोला सांगितलं.

"का?"

"डोकं वर ठेवलंय."

बायको गुडघ्याला तेल चोळत होती. चोळायची थांबली नाही. "घणाचं का तुमचं?"

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा तुमची चाललीय. लेकीनं खोली काढलीय, लिफ्ट आहे, खाली बाग आहे. मला जमिनीला पाय लावून किती दिवस झाले माहितीय? माझ्या गुडघ्यांना काय सांगू, की थांबा बाबांनो, यांचा घण खाली यायचाय?"

ती बरोबर होती. हेच तर वाईट होतं, की ह्या सगळ्यात प्रत्येक माणूस बरोबर होता. सोसायटीचा सेक्रेटरी बरोबर होता. तरणा, गोड बोलणारा, डोकं खाली घ्या म्हणायला आलेल्या हळूभाऊला "काका, काका" करत त्यानं खुर्ची दिली. सोबत इंजिनिअरलाही बोलावलं. इंजिनिअर म्हणाला, "काका, डोकं चारी बाजूंनी वेल्डिंग करून टाकलंय. भूकंप झाला तर बिल्डिंग पडेल, ते पडणार नाही." हळूभाऊनं स्वतः जाऊन बघितलं. वेल्डिंग चांगलं होतं. दांडगं, सलग, मनापासून केलेलं. ते कधीच पडणार नव्हतं. "मला माहितीय पडणार नाही," तो म्हणाला. "मग?" दोघं त्याच्याकडे बघत राहिले. मग काय? "खाली बरं दिसतं," तो कसाबसा म्हणाला. सेक्रेटरी हसला. "काका, खाली असलं तर ते बंद पडलेलं मशीन वाटतं. वर असलं की त्यात जोर दिसतो."

"बंदच पडलंय ते!" हळूभाऊ ओरडला. घणशेडचा आवाज होता तो, आवाजावर आवाज चढवणारा. ऑफिसातल्या काचा थरथरल्या. सेक्रेटरी अर्धा उठला. संध्याकाळी लेकीचा फोन आला. "बाबा, तुम्ही तिथं जाऊन भांडलात? मला तिथं राहायचंय हो. लोक काय म्हणतात माहितीय, सातव्या मजल्यावरच्या बाईचे वडील जरा..." पुढचं ती बोलली नाही. लेकीला त्यानं सांडश्याबद्दल कधी सांगितलंच नव्हतं. ती तेव्हा पाळण्यात होती. नंतर सांगायचं राहिलं, मग राहिलेलं न सांगण्याची सवय झाली. आताही फोनवर त्यानं सांगितलं नाही. ती चिडली होती आणि तो चिडला होता, आणि चिडलेल्या माणसाला मेलेल्याचं नाव काढून गप्प करणं त्याला भ्याडपणा वाटला. लेकीनं जावयाला गाडी घेऊन पाठवलं. दोन माणसांनी खुर्चीसकट म्हातारीला जिन्यानं खाली उतरवलं. उतरताना ती म्हणाली, "तुम्ही राहा रागाबरोबर, मी राहते लिफ्टबरोबर." गल्लीतली माणसं हसली. हळूभाऊ वरच्या खिडकीतून बघत होता. म्हातारीनं गाडीत बसण्याआधी चप्पल काढली, नुसता पाय रस्त्यावर टेकवला, आणि क्षणभर तसाच ठेवला.

रिकाम्या खोलीत राग मोठा होतो. भांडायला कुणी नसलं की तो भिंतीला आदळून परत येतो. हळूभाऊ दोन-तीन दिवस एकाच भांड्यात भात शिजवून खात राहिला आणि मनात भाषणं करत राहिला, सेक्रेटरीला, इंजिनिअरला, त्या साहेबाला, जो कुठंतरी गादीवर म्हातारा होऊन मेला असणार. मग त्याच्या डोक्यात आलं की आपण एकटे का? हा घण माझ्या एकट्याचा आहे का? आणि तो गेला सांडश्याच्या बायकोकडे. ती कपडे शिवायची. अजून शिवते. तळमजल्याची एक खोली, दारात शिलाई मशीन, भोवती शाळेच्या गणवेशांचे ढीग. वर्षानुवर्षं तो तिच्याकडे जायचा तो कधीमधी, उंबऱ्यात उभ्या उभ्या, कसं काय वहिनी, ठीक भाऊजी, की निघाला. आज आत जाऊन बसला. सगळं सांगितलं. पोपटी रंग, बाक, फोटो, वर ठेवलेलं डोकं. त्याला वाटलं ती रडेल. किंवा उठेल, म्हणेल, चला. ती मशीन चालवत राहिली.

"मला माहितीय," ती म्हणाली. "मी तिथल्या पोरांचे गणवेश द्यायला जाते. त्याच्या शेजारूनच वाट आहे."

"आणि वहिनी, तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलू? डोकं वर आहे म्हणून?" तिनं दोरा दातानं तोडला. "भाऊजी, एक विचारू? तुम्ही सगळे बसलात तेव्हा दोन मागण्या होत्या. आठवतं?"

हळूभाऊला आठवत होतं. आठवत होतं म्हणूनच तो उंबऱ्यातून आत येत नव्हता.

"एक तुमची, डोकं खाली ठेवायची. एक माझी. कंपनीनं म्हटलं होतं, कामगार स्वतःच्या निष्काळजीपणानं मेला. सुट्टीत त्याला मान घालायला कुणी सांगितलं होतं? माझी मागणी एवढीच, की म्हणा, तो चुकला नव्हता. तुमचा पुढारी आला, म्हणाला, ताई, दोन्ही एकदम मिळत नाहीत, एक सोडावी लागेल. कुठली सोडली?"

मशीन थांबलं होतं. सवयीनं हळूभाऊनं तिच्या भुवईकडे बघितलं. ती हलत नव्हती.

"तुमचा नियम झाला. फार चांगला नियम. त्यानं किती जण वाचले असतील. आणि माझं माणूस निष्काळजी ते निष्काळजीच राहिलं. माझी सासू मरेपर्यंत म्हणायची, वेंधळाच होता माझा पोरगा. सख्खी आई! माझा लेक मोठा झाला, त्याला शाळेत काही सांडलं की मास्तर म्हणायचे, बापावर गेलास. तुम्ही सगळे संध्याकाळी उभे राहायचात म्हणे, डोकं टेकेपर्यंत. माझ्या दारात कोण उभं राहिलं, येऊन सांगायला, वहिनी, तो चुकला नव्हता?" तिनं नवा सदरा सुईखाली घातला. "तुम्हाला राग आलाय घणाचा. बरं आहे. लोखंडावर रागावणं सोपं असतं. घण वर ठेवा नाहीतर खाली ठेवा, मला त्याचं काही नाही. त्या बागेत चार माणसांत उभं राहून सांगाल का, तो चुकला नव्हता? तेवढं येत असेल तर चला, मी येते. नाहीतर चहा घ्या आणि जा."

त्यानं चहा घेतला नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याचा राग दांड्यासारखा हातात आला. आतापर्यंत तो दुसऱ्यांवर होता, आणि दुसऱ्यावरचा राग मोठा मजेचा असतो, माणूस त्याच्यावर बसून फिरतो. आता तो आपल्याच अंगावर उलटला होता आणि तरी बाहेरच्यांवरचा कमी झाला नव्हता, एवढीच काय ती नवलाई. साहेबानं डोकं वर ठेवलं हे खरं. पुढाऱ्यानं मागणी सोडली हे खरं. आणि ती सोडायला हात वर केलेल्या सगळ्यांत हळूभाऊचाही एक हात होता, हेही खरं. तो "हो" म्हणाला, आणि दुसऱ्या संध्याकाळी दोघं त्या बागेत गेली.

बाक भरलेले होते. आया, आज्या, मुलं, तीनचाकी सायकली, फोनवर बोलत गोल फिरणारी माणसं. म्हातारी पण होती, खाली बसलेली, लेकीबरोबर. नवऱ्याला बघून तिनं तोंड फिरवलं, मग त्याच्या मागची बाई बघितली आणि तोंड परत आणलं. हळूभाऊ घणाच्या दोन पायांमध्ये जाऊन उभा राहिला. वर बघितलं नाही. वर बघितलं असतं तर त्याला बोलता आलं नसतं. "ऐका," तो म्हणाला, आणि त्याचा तो घणशेडचा आवाज तीन इमारतींना आदळून घुमला, गच्च्यांत माणसं आली. "ह्या घणाखाली माझा जोडीदार मेला. इथं. जिथं तुम्ही माना ठेवून फोटो काढता तिथं. डोकं वर ठेवा असं साहेबानं सांगितलं होतं. मी म्हटलं होतं खाली घेतो, आणि मग मी साहेबाचं ऐकलं. तो वाकला ते कामासाठी वाकला. कंपनीनं सांगितलं तो निष्काळजी. आम्ही ते चालवून घेतलं. तो निष्काळजी नव्हता. त्याच्याइतका हुशार सांडशीवाला मी बघितला नाही. तो चुकला नव्हता. ही त्याची बायको. वहिनी, तो चुकला नव्हता."

एका आईनं पोराचे कान दाबले. "काका, लहान मुलं आहेत हो इथं," कुणीतरी म्हणालं. वॉचमन आला, पण जवळ येऊन नुसता उभा राहिला, कारण त्याला काय करावं कळेना. सांडश्याची बायको इकडेतिकडे बघत नव्हती. तिनं पदराच्या टोकानं कपाळ पुसलं, शिवताना घाम पुसतात तसं, आणि म्हणाली, "अजून एकदा. त्या वरच्यांना ऐकू गेलं नसेल." हळूभाऊनं अजून एकदा सांगितलं. त्या वेळी त्याची लेक बाकावरून उठली. त्याला वाटलं निघून जाईल. ती आली आणि सांडश्याच्या बायकोशेजारी उभी राहिली. "बाबा," ती म्हणाली, "मी तो फोटो लावलाय हो भिंतीवर." "तुला काय माहीत," तो म्हणाला. "तुम्ही सांगायचं होतं," ती म्हणाली, आणि त्या बोलण्यात जो राग होता तो अस्सल त्याचाच होता, अगदी हुबेहूब. त्याला ते बघून भीती वाटली आणि बरंही वाटलं.

आता तुम्हाला वाटेल, झालं, डोकं खाली आलं असणार. तसं होत असतं तर मला बोलायची गरजच नव्हती. सोसायटीची मीटिंग झाली. कुणी म्हणालं, असली अशुभ वस्तू दारात नको. कुणी म्हणालं, हे बाहेर कळलं तर घरं कोण घेईल? सगळे एकदम एकमताचे झाले. घण काढून टाकायचा, भंगारात द्यायचा, जागेवर कारंजं करायचं. ठरलं. माणूस मेला होता तेव्हा घण कुणाला नको नव्हता, माणूस मेला हे कळलं तेव्हा घण नकोसा झाला. हळूभाऊ सेक्रेटरीकडे गेला. ओरडला नाही. "न्या," म्हणाला, "तुमची वस्तू आहे, न्या. पण आधी डोकं खाली घ्या. ओंडका मी आणतो. वेल्डिंग कापा, डोकं हळू खाली घ्या, ओंडक्यावर टेकू द्या, मग न्या. वर ठेवून नाही न्यायचं." सेक्रेटरीनं कपाळाला हात लावला. "काका, भंगारात जाणाऱ्याचं डोकं वर काय आणि खाली काय? क्रेनवाला म्हणतो, आहे तसं आडवं करून उचलतो. कापत बसलं तर वेळ जातो."

वेळ जातो. तेच दोन शब्द. हळूभाऊ हसला म्हणे. बायको तेव्हा दारातच होती, ती सांगते, असा हसला की मी घाबरले, मी म्हटलं गेलं ह्यांचं डोकं. मग तो खाली बागेत गेला, घणाच्या पायांच्या मधे, वर ठेवलेल्या डोक्याच्या बरोबर खाली, जिथं जाणं त्याला मरणाहून वाईट वाटायचं, तिथं ऐरणीवरच्या गुळगुळीत फरशीवर बसला. पाठ ताठ, हात मांडीवर. बसल्यावर मानेवर काहीतरी दाबल्यासारखं झालं, थंड, जड, जवळ. सांडश्याला शेवटी असंच वाटलं असेल का? का काहीच वाटलं नसेल, फक्त पापुद्रे दिसले असतील, झाडायचे राहिलेले? त्याला ते कधीच कळणार नव्हतं. पण तो उठला नाही. संध्याकाळी शिवणवाली आली, बाकावर बसली, मांडीवर गणवेश घेऊन टाके घालत. मग लिफ्टनं म्हातारी खाली आली. "सरका," म्हणाली, "माझ्यासाठी जागा ठेवलीय का एकट्यानंच मरायचंय?" "वर जा, गुडघे धरतील." "धरू देत. खाली यायला मिळतंय तेवढं बसू द्या." लेक कामावरून येते ती आधी इथं येते. नातीनं विचारलं, आजोबा घर सोडून इथं का बसलेत, तर लेकीनं तिला सगळं सांगितलं, आजीसमोर, काही न लपवता. जावई अजून गच्चीतूनच बघतो. येईल, तोही येईल. वॉचमननं पाण्याची बाटली आणून ठेवली आणि सेक्रेटरीला सांगितलं, मी नाही ठेवली.

क्रेन परवा सकाळी येणार आहे. ठरलंय त्यांचं. हळूभाऊ, दोन म्हाताऱ्या आणि एक लेक, एवढ्यांना क्रेनवाला बाजूला करेल, गोड बोलून करेल, हाताला धरून करेल. तुम्हाला मी मोर्चा काढायला सांगत नाही, ओरडायलाही सांगत नाही, ओरडायला तो एकटा पुरेसा आहे. तुम्हाला नुसतं येऊन बसायचंय. बाक गोल आहेत, जागा बरीच आहे, सावलीही असते. कुणी विचारलं तर एवढंच सांगायचं, आधी डोकं खाली. परवा सकाळी. याल ना?